ताठ मानेचं इंग्रजी

वन्सं, तुम्ही गेलात आणि या घरात माझ्याशी भांडायला माणूस उरलं नाही. तुमच्या भावाशी काय भांडायचं? काहीही बोला, ते 'बरं' म्हणतात आणि पेपरचं पान उलटतात. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या तोंडाला तोंड देणारं माणूस एकच, ते म्हणजे माझी नणंद. पहिल्याच महिन्यात आपली कडाकडा जुंपली होती, आठवतंय? माझ्या तोंडून 'लई' निघालं आणि तुम्ही मास्तरणीच्या आवाजात म्हणालात, "रत्ना, 'फार' म्हणावं." मी म्हटलं, "आमच्या सोयगावात 'फार' म्हटलं की थोडंच वाटतं." तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. पुढं तुम्हीच 'लई' म्हणायला लागलात, शाळेतसुद्धा.

काल तुमचा तेरावा झाला. आचाऱ्याची भांडी गेली, सतरंज्या गेल्या. तुमच्याबद्दल चांगलं चांगलं सगळ्यांनी बोलून झालं. शिस्त, अक्षर, पोरींना लावलेलं वळण, सगळं. ते मी इथं परत उगाळत नाही. मला आपलं ते एक भांडण बोलायचंय, त्या शब्दाचं. ते अर्धंच राहिलं. आणि काल संध्याकाळी नानांनी मला जे सांगितलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरेना.

स्टिफ-नेक्ड. मला येणारा एकुलता एक अवघड इंग्रजी शब्द. बाकी इंग्रजीत माझं ओ की ठो नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पण या एका शब्दाची सात पिढ्यांची कुंडली मी सांगू शकते. तुम्हीच ती माझ्याकडून घोटून घेतली आहे.

मुळात शब्द तुमच्या वडिलांचा, नानांचा. नानांचं शिक्षण सगळं निजामाच्या अमलात, उर्दूत. तहसिलीत नुकते चिकटले होते. दरख्वास्त, म्हणजे सरकारी अर्ज, अशी लिहायचे म्हणे, की वाचणाऱ्यानं आधी कागद डोक्याला लावावा आणि मग वाचावा. तेवढ्यात पोलीस ॲक्शन झाली. निजाम गेला म्हणून नानांनी इथं औरंगाबादेत गुलमंडीच्या चौकात पेढे वाटले, आणि बघता बघता कचेरीतली उर्दूही गेली. चांगला शिकलासवरला माणूस एका फटक्यात अडाणी ठरला. मराठी घरचीच होती, ती सावरून घेतली. इंग्रजी मात्र पार श्रीगणेशापासून. "मी दोनदा पहिलीत बसलोय, सूनबाई," असं ते मला सांगायचे, आणि वर हसायचे.

त्यांची इंग्रजी शिकायची तऱ्हा तुम्ही किती मजेत सांगायच्या! मराठी वाक्य मनात धरायचं, एकेका शब्दाला इंग्रजी शब्द हुडकायचा, आणि ओळीनं मांडून द्यायचे. झालं इंग्रजी. आमचे हे गणितात नापास झाले तेव्हा नानांनी हेडमास्तरांना चिठ्ठी धाडली, 'ही हॅज कट माय नोज'. हेडमास्तर घाबऱ्या घाबऱ्या घरी आले, नानांचं नाक जागेवर आहे का बघायला. ही गोष्ट निघाली की आमचे हे उठून गच्चीत जायचे. अजून जातात.

पण त्या शब्दाची गोष्ट तुम्ही कधी हसत सांगितली नाहीत.

वेरूळला सांगितलीत. श्रावणी सोमवार होता, घृष्णेश्वराला ही गर्दी. दर्शन झाल्यावर आपण दोघी बाहेर एका दगडावर टेकलो, राजगिऱ्याचे लाडू खात. समोरून एक बाई सुनेला घेऊन चालली होती आणि दिसेल त्या म्हाताऱ्याच्या पायावर तिला घालत होती. पोरगी वाकत होती, उठत होती, परत वाकत होती. तुमचा लाडू हातातच राहिला. मी म्हटलं, "काय झालं हो?" आणि तुम्ही त्या पोरीकडं बघतच बोलायला लागलात. मी तोवर एवढंच ऐकून होते की आमच्या नणंदेचं पुण्याला लग्न झालं होतं आणि ते टिकलं नाही. यापुढं या घरात कुणी एक शब्द काढत नसे.

तुम्हाला बघायला पुण्याहून माणसं आली होती. मुलाचे काका साहेबी थाटाचे, निम्मं बोलणं इंग्रजीत. नानांनी चार दिवस आधीपासून आरशासमोर उभं राहून एक वाक्य घटवलेलं. आपली मुलगी कुणापुढं लाचार होणार नाही, ताठ मानेनं राहील, हे त्यांना सांगायचं होतं. आणि औरंगाबादचा माणूस पुण्याच्या माणसापुढं इंग्रजीत मागं नाही, हेही दाखवायचं होतं. ताठ म्हणजे स्टिफ. मान म्हणजे नेक. बिनचूक! तुम्ही पोह्यांच्या बश्या घेऊन आत आलात, तेवढ्यात नाना उठून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माय डॉटर इज ए व्हेरी स्टिफ-नेक्ड गर्ल."

काकांच्या हातातला चमचा थांबला. मग ते हसले. "ओ, इज शी? वुई विल सी टु इट." त्यांचा मुलगा हसला, पुतण्या हसला, आणि ते हसताहेत म्हणजे आपलं वाक्य पसंत पडलं असं समजून नानाही मोठ्यानं हसले. सगळ्यात जास्त तेच हसले, असं तुम्ही म्हणालात. तुम्हाला तेव्हा इंग्रजीचा गंध बेताचाच. तुम्हाला वाटलं, काय छान बैठक जमलीय.

लग्न झालं. आणि पुण्याच्या त्या घरात तुमचं नावच ते पडलं. "स्टिफ-नेक उठली का?" "स्टिफ-नेकला म्हणावं चहा आण." सासूला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण हे एवढं आलं. पहिल्याच महिन्यात तुम्ही काकांच्या कपाटातली डिक्शनरी काढून पाहिलीत. हट्टी, गर्विष्ठ, कुणाचं न ऐकणारा. म्हणजे तुमच्या वडिलांनी भर बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, माझी मुलगी गर्विष्ठ आणि हट्टी आहे, घेऊन जा. आणि काकांनी सांगितलं होतं, काळजी नको, बघून घेऊ.

आणि बघून घेतलंच त्यांनी. रोज सकाळी सगळ्या थोरांना वाकून नमस्कार. त्यात काही नवल नाही, आम्हीही केलेत. पण तुम्ही वाकलात की काका खुर्चीतून म्हणायचे, "लोअर. लोअर." कपाळ फरशीला लागेपर्यंत. पुतण्या, म्हणजे तुमचा नवरा, शेजारी उभा राहून बुटाच्या नाड्या बांधायचा. वन्सं, त्या माणसाला मी पाहिलेलं नाही, पण त्याच्या त्या नाड्या मला अजून दिसतात, आणि माझ्या तोंडात येतात त्या शिव्या तुम्हाला चालल्या नसत्या.

एके दिवशी सकाळी तुम्ही वाकला नाहीत. उभ्या उभ्या हात जोडलेत, आणि दुपारच्या एस.टी.नं औरंगाबादला आलात. त्या काळात! परत आलेल्या लेकीकडं लोक कसं बघायचे ते का मला माहीत नाही? सोयगावात आमच्या गल्लीतल्या एकीला तिच्या बापानं दारातूनच परत धाडली होती. आणि नानांनी काय केलं? पिशवी हातातून घेतली. "जेवलीस?" एवढंच विचारलं. संध्याकाळी गुलमंडीवर मित्रांत गेले आणि कुणी खवचटपणे चौकशी करायच्या आतच म्हणाले, "माय डॉटर इज स्टिफ-नेक्ड. शी केम बॅक." दुसऱ्या आठवड्यात सायकलवर डबलसीट बसवून तुम्हाला कॉलेजात नाव घालायला घेऊन गेले. रस्त्यात जो भेटेल त्याला तेच वाक्य.

"आता सांग, रत्ना," तुम्ही वेरूळच्या त्या दगडावर मला म्हणालात, "त्या एका शब्दावर त्यांनी मला दारातून आत घेतलं. तो शब्द मी त्यांच्या हातातून कसा काढून घेऊ?"

मला तेव्हा काही सुचलं नाही. नंतर मात्र लई सुचलं, आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं.

कारण नाना थांबेचनात! तुम्ही शाळेत लागलात, तेही इंग्रजीच शिकवायला, आणि नानांच्या अंगात जास्तच जोर आला. दूधवाल्याला सांगितलं, बँकेतल्या साहेबाला सांगितलं, माझ्या माहेरच्यांना सांगितलं. माझ्या बापाला तो काही रोग वाटला. मला बाजूला घेऊन म्हणतात, "मानेवर काही औषध चालू आहे का गं तुझ्या नणंदेच्या?" शाळेच्या गॅदरिंगला नाना पहिल्या रांगेत. कुणी पाहुणा भेटला की तुमच्या खांद्यावर हात, आणि वाक्य तयार. इंग्रजी येणारी माणसं गालात हसायची. काही तर मुद्दाम विचारायची, "नाना, काय म्हणता ते बाईंबद्दल?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तुम्ही शांत.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी तर कहर झाला. हॉल खच्चून भरलेला. सगळ्या शाळांचे इंग्रजीचे मास्तर आलेले. आणि नानांनी माईक मागून घेतला. मी तुमच्या शेजारी बसले होते, मी डोळेच मिटून घेतले. "माय डॉटर," नाना म्हणाले, जरा थांबले, श्वास घेतला, "माय डॉटर वॉज ऑल्वेज स्टिफ-नेक्ड." मागून खुसखुस झाली. पुढचे लोक आपापल्या चपलांकडं बघायला लागले. तुम्ही एकट्याच मान वर करून त्यांच्याकडं बघत होतात आणि टाळ्या वाजवत होतात.

नाना आणि हे पुढच्या रिक्षात होते, मागच्या रिक्षात मी तुमच्यावर तुटून पडले. "तुम्हाला त्यांची दया येत नाही का? म्हाताऱ्या माणसाचं जगात हसं होतंय. एकदा सांगा ना त्यांना!" तुम्ही म्हणालात, "गप बस." मी म्हटलं, "नाही बसणार. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते." तेव्हा तुम्ही माझं मनगट असं धरलंत की वळ उठले. "रत्ना, त्यांना अर्थ कळला तर त्यांना काकांचं हसूही कळेल. मग ते आपलं हसू आठवत बसतील. मरेपर्यंत तेच आठवतील. मला ते नको." घर येईपर्यंत आपण दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

त्यानंतरच कधी तरी तुम्ही तो जाडजूड शब्दकोश आणलात, ज्यात शब्दांची कुळं-मुळं दिलेली असतात. उन्हाळ्याच्या दुपारी पंख्याखाली बसून तुम्ही मला वाचून दाखवलंत. शब्द इंग्रजांचा नव्हताच म्हणे. ज्यू लोकांच्या जुन्या धर्मपोथीत देव आपल्याच माणसांवर चिडतो आणि म्हणतो, ही माणसं कडक मानेची आहेत. हिब्रूतला शब्द ग्रीकात गेला, तिथून इंग्रजीत उतरला, आणि उतरताना शब्दाला शब्द ठेवून केलेला. "म्हणजे नानांनी केलं तेच!" तुम्ही टाळी वाजवलीत. "त्यांनीही नानांसारखंच ओळीनं मांडून दिलंय. त्यांचं चाललं, नानांचं का नाही?" आणि त्याच्याही मागं बैल होता. जू मानेवर घेईना, हाकणाऱ्याच्या इशाऱ्यावर मान वळवेना, असा बैल. त्यावरून कडक मानेचा.

तुम्ही कधी नव्हे इतक्या खुलल्या होतात त्या दिवशी. म्हणालात, "अगं, शब्द केला कुणी? बैलवाल्यानं. त्याचं काम अडलं म्हणून तो वाईट. बैलाला विचारलं असतं तर बैल काय म्हणाला असता? ताठ मान म्हणाला असता! नानांनी बैलाच्या बाजूनं वाक्य केलंय. चुकलंय कुठं?"

मी बैलाच्या घरची. माझ्यासमोर बैलाचं कौतुक कशाला करायचं? मी म्हटलं, "वन्सं, आमच्याकडं जू न घेणारा एक बैल होता. दोन महिने वडिलांनी वाट पाहिली आणि मग बाजार दाखवला. बैलाच्या बाजूनं वाक्य करायला ठीक आहे, पण त्याला वैरण कोण घालणार?" तुम्ही लगेच, "मला घातलीच ना नानांनी." मी म्हटलं, "मराठीतसुद्धा मान ताठ असली तर कौतुक, आणि ताठा म्हटलं की दुर्गुण. एका कान्याचा फरक." तुम्ही म्हणालात, "तो काना बघणारा लावतो." मग उर्दू निघाली. गर्दनकश म्हणजे मान वर काढणारा, म्हणजे बंडखोर, तोही चांगला शब्द नाहीच. "बघ, फारसीवाल्यांनाही माणसाची मान सहन झाली नाही," तुम्ही म्हणालात. "जिथं जिथं राजा, तिथं तिथं ही शिवी." मी चहा टाकायला उठले, आणि तिकडूनच ओरडले, "ते काही असो, म्हाताऱ्याला सांगायला हवं होतं!" मी अजूनही तेच म्हणते. म्हणजे परवापर्यंत तेच म्हणत होते.

किती वेळा झालं असेल हे भांडण? दर वेळी कुणी तरी चहाला उठायचं आणि ते तिथंच राहायचं. आपल्याला संपवायचं नव्हतंच बहुतेक. आता कुणाशी घालू? यांच्यासमोर परवा मी मुद्दाम बैलाचा विषय काढला. "बरं," म्हणाले.

मागच्या दिवाळीनंतर तुमची तब्येत ढासळायला लागली तेव्हा तुम्ही एकदा मला जवळ बोलावलंत. नाना पलीकडच्या खोलीत झोपले होते. तुम्ही म्हणालात, "मी आधी जाईन असं दिसतंय." मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका." तुम्ही म्हणालात, "ऐक. लोक भेटायला येतील, माझ्या शिकवलेल्या पोरी येतील, त्यांना इंग्रजी येतं. नाना म्हणतीलच. एखादी हसेल, एखादी शहाणी त्यांना सुधारायला जाईल. तू तिथं बसायचं. कुणाला बोलू द्यायचं नाही." मी म्हटलं, "माझं मत काय आहे ते माहीत असून मलाच सांगता?" "तुलाच," तुम्ही म्हणालात. "माझ्या भावाला सांगून काय उपयोग आहे?" आणि आपण दोघी हसलो. नंतर हॉस्पिटलात तुमची जीभच जड झाली. काही म्हणायचात, ते मला कळायचं नाही, आणि मी सगळ्याला 'व्हय, व्हय' म्हणत राहिले. त्यातलं एखादं 'नाही' म्हणायचं असेल तर माफ करा. मला खरंच कळत नव्हतं हो.

तुम्हाला कैलासनगरच्या स्मशानात नेलं आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. नाना बैठकीत त्यांच्या खुर्चीत, आणि मी शेजारी वेताच्या मोड्यावर. सुतकात दुसरं काम नव्हतंच. मी राखणीला बसले होते, वन्सं. कुणी आलं की मला वाटायचं, आता म्हणतील, आता म्हणतील. बोलायचं काय तेही मी ठरवून ठेवलं होतं. कुणी हसलंच, तर माझ्या सोयगावी भाषेत असं काही सुनवायचं की हसणाऱ्याचं शिक्षण निघावं.

नाना म्हणाले नाहीत. पहिल्या दिवशी वाटलं, धक्का बसलाय. दुसऱ्या दिवशी वाटलं, विसरले असतील, वय झालंय. पण बाकीचं सगळं बोलत होते. तुम्ही लहानपणी गोवरानं आजारी होतात ते सांगितलं, कॉलेजची सायकल सांगितली, तुमच्या हातची आमटी सांगितली. शब्द काही आला नाही. तुमच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "नाना, आमच्या बाई फार ताठ मानेच्या होत्या हो." नानांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. एक जण तर मुद्दाम म्हणाला, "नाना, तुमचा तो इंग्रजी शब्द..." माझी मूठ वळली. नाना त्याच्याकडं शांतपणे बघून म्हणाले, "जाऊ द्या. चहा घ्या तुम्ही." आयुष्यभर ज्याला त्याला थांबवून सांगणारा माणूस, आणि आता लोक मागताहेत तर देईना. माझी राखण फुकटच गेली, आणि खरं सांगते, मला त्या शब्दाची आठवण यायला लागली. ज्यानं इतकी वर्षं माझं रक्त आटवलं, तोच ऐकावासा वाटायला लागला. तुमच्याबरोबर तोही गेला असं वाटलं आणि मी मोरीत जाऊन रडले.

काल संध्याकाळी सगळे पांगले. हे भटजींना सोडायला गेले. बैठकीत नाना आणि मी दोघंच. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, एक विचारू? इतके लोक येऊन गेले, तुम्ही वन्संचा तो शब्द एकदाही म्हणाला नाहीत."

नाना खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, "आता कुणासाठी म्हणायचा, सूनबाई?"

मला कळलं नाही. मी विचारलं, "म्हणजे?" तेव्हा म्हणाले, "मला अर्थ ठाऊक आहे."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"ती कॉलेजात जायला लागली तेव्हापासून. कचेरीत एक नवे साहेब आले होते. त्यांच्यापुढं म्हणालो. भला माणूस होता. दार लावून घेतलं, मला बसवलं आणि समजावून सांगितलं. अदबीनं सांगितलं हो." नाना हाताची बोटं चोळत होते. "मग मला ते पुण्याचे काका का हसले ते समजलं. मीही हसलो होतो, सूनबाई. त्यांच्याबरोबर."

"मग तुम्ही म्हणायचं बंद का नाही केलं?"

"कसं करणार? मी बंद केलं असतं तर त्याच दिवशी तिनं ओळखलं असतं, बापाला कळलं. फार हुशार पोरगी. मग ती मला समजवायला आली असती. जाऊ द्या नाना, तुमची काय चूक, असं म्हणाली असती. आयुष्य तिचं गेलं, आणि वर तिनं मलाच धीर देत बसायचं? हरगिज नाही. म्हटलं, आपण म्हणत राहायचं. लोक हसले तर हसू देत. ती समजेल, बाप येडा आहे, खूश आहे."

वन्सं, मला तो हॉल दिसला. इंग्रजीचे सगळे मास्तर बसलेत, आणि हा माणूस माईक हातात घेऊन, सगळं ठाऊक असून, मुद्दाम स्वतःचं हसं करून घेतोय. आणि समोर तुम्ही मान वर करून टाळ्या वाजवताय, त्यांना कळू नये म्हणून. एका घरात, एका पंगतीला इतकी वर्षं जेवलात हो तुम्ही दोघं! आणि मी मूर्ख, मधल्या मधे भांडत राहिले, सांगा म्हणून. काय सांगायचं राहिलं होतं? मला तुमचा राग आला, नानांचा आला, माझा आला. तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला गदागदा हलवलं असतं.

तुमचं गुपित राखायचं की नाही, काही कळेना. तुम्ही माझ्याकडून वचन घेतलंत ते नानांना अर्थ कळू न देण्याचं. ते तर केव्हाच निकालात निघालं होतं. मी सगळं सांगून टाकणार होते, तुमचं वेरूळचं बोलणं, रिक्षातलं, माझ्या मनगटावरचे वळ, सगळं ओठावर आलं होतं. तेवढ्यात नानाच पुढं वाकले आणि माझा हात धरला.

"तू तिच्या जवळची. तुला ती सगळं सांगायची. खरं सांग, सूनबाई. तिला अर्थ ठाऊक होता, ते मला ठाऊक आहे, इंग्रजीची मास्तरीण होती ती. मला ठाऊक आहे, हे तिला कधी कळलं का?"

मी म्हटलं, "नाही, नाना. शेवटपर्यंत नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, लहान पोरासारखे ढसाढसा रडले.